टीनएज मुलांसोबत स्वतः आखलेली युरोप ट्रिप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पंधरा दिवसांत सात देश’ या जाहिरातीतली ट्रिप नको, पण युरोप तर बघायचाय आणि सोबत तेरा ते सतरा वर्षांचं एक मूल आहे, अशा घरांसाठी हे पान आहे. नात्यातले आणि सोसायटीतले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात तेच इथे घेतले आहेत. उदाहरणाला एकच रूट धरलाय : पॅरिस, स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न, आणि इटलीतली फ्लॉरेन्स, रोम. तुमची शहरं वेगळी असली तरी हिशोब असाच करायचा.

दोन आठवड्यांत किती शहरं होतात?

मुक्कामाची चार. तीन केलीत तर कोणी नाव ठेवणार नाही.

दिवस मोजू नका, रात्री मोजा. ‘पॅरिसला तीन दिवस’ म्हणजे दोन रात्री असतील तर हातात धड पूर्ण दिवस एकच येतो. शहर बदलण्याच्या दिवसाचं काय होतं ते बघा. पॅरिस ते बाझल (स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं शहर) टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची फास्ट गाडी, साधारण तीन तासांची, पुढे ल्युसर्न तासाभराचं. कागदावर चार तास. प्रत्यक्षात सकाळी आठला बॅगा भरायला घेतल्यात की चिरंजीव अंथरुणात असतात, चार्जर सापडत नाही, आणि जुन्या हॉटेलची लिफ्ट एवढीशी की एक माणूस आणि एक बॅग मावली तरी नशीब. तीन फेऱ्या तिथेच. पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनवर प्लॅटफॉर्मचा नंबर गाडी सुटायच्या जेमतेम वीस मिनिटं आधी लागतो, म्हणून तोवर सगळे माना वर करून बोर्डाखाली उभे. बाझलला गाडी बदला, ल्युसर्नला उतरा, तर हॉटेलवाला सांगतो, खोली तीनला मिळेल. तळ्याकाठी फेरफटका मारेपर्यंत पाच वाजलेले. दिवस गेला. वाईट गेला असं नाही, पण ‘प्रेक्षणीय स्थळां’च्या यादीत तो धरू नका.

म्हणून १३ रात्रींची वाटणी अशी : पॅरिस ४, ल्युसर्न ४, फ्लॉरेन्स २, रोम ३. सहावं-सातवं शहर घुसवलंत की नुसतं भोज्याला शिवून परत यायचं, आणि त्याचेही पैसे पूर्णच पडतात.

मग व्हेनिस, ॲम्स्टरडॅम, लंडन सोडायचं?

सोडायचं. व्हेनिसचा जीव फारच अडकला असेल तर फ्लॉरेन्सहून फास्ट गाडीने सव्वादोन तास लागतात, सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. गर्दीच्या मोसमात ठरावीक तारखांना दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून व्हेनिस प्रवेश शुल्क घेतं (२०२४ पासून), त्याची नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते. चौदा वर्षांखालच्यांना माफ आहे. पण फ्लॉरेन्सला दोनच रात्री असताना एक दिवस तिकडे घालवणं मला तरी पटत नाही.

ॲम्स्टरडॅम पॅरिसहून युरोस्टार रेल्वेने सव्वातीन-साडेतीन तास. ते हवं असेल तर इटली कापा. लंडनला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा) चालत नाही, ब्रिटनचा वेगळा काढावा लागतो. पहिल्याच खेपेला दोन व्हिसांचा व्याप कशाला?

बजेट तंग असेल तर मात्र हा रूट पूर्ण बाजूला ठेवून प्राग–व्हिएन्ना–बुडापेस्ट बघा. प्राग ते व्हिएन्ना चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत, आणि स्वित्झर्लंडच्या मानाने खर्च बराच कमी. फक्त चलनं तीन लागतात : कोरुना, युरो आणि फोरिंट.

विमानाचं तिकीट पॅरिसचंच जाऊन-येऊन काढावं का?

नाही. बुकिंग करताना ‘मल्टी-सिटी’ निवडा : मुंबई ते पॅरिस आणि रोम ते मुंबई. तिकीट थोडं महाग दिसेल, पण रोमहून पॅरिसला परत यायचं भाडं, एक रात्र आणि एक दिवस वाचतो. आणखी एक, विमान कंपन्यांच्या लेखी १२ पूर्ण झालेलं मूल मोठं माणूस असतं. तिसरं तिकीट पूर्ण भाड्याचं धरूनच बजेट करा.

कधी जावं? मे की दिवाळी?

शाळा ठरवेल तेव्हा, दुसरं काय. पण दोन्हींत फरक आहे.

मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दिवस प्रचंड मोठा असतो. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे मूल सकाळी उशिरा उठलं तरी काही बुडत नाही. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी कमी आणि हॉटेलं स्वस्त, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासाने मागे जातात आणि महिनाअखेरीस पॅरिसला साडेपाचलाच दिवेलागण. डोंगरावर जायचं असेल तर हेही बघा : एप्रिल-मे आणि नोव्हेंबरात स्वित्झर्लंडमधल्या काही केबल कार देखभालीसाठी बंद ठेवतात. प्रत्येकीच्या वेबसाइटवर तारखा असतात. आणि १ मे फक्त आपल्याकडेच सुट्टीचा नाही, त्या दिवशी पॅरिसचं लूव्र म्युझियमही बंद असतं.

जुलै-ऑगस्टमध्ये रोम भाजून काढतं. टाळता आलं तर टाळा.

व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा? पहिल्यांदा पॅरिसला उतरतोय म्हणजे फ्रान्सचाच ना?

इथे खूप जण गडबडतात. ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्याचा व्हिसा. मुक्काम सारखे असतील तरच पहिल्यांदा जिथे उतरता त्या देशाचा. आपल्या वाटणीत फ्रान्स ४, स्वित्झर्लंड ४, पण फ्लॉरेन्स आणि रोम मिळून इटली ५. म्हणजे अर्ज इटलीचा. पॅरिसला उतरून इटलीच्या व्हिसावर आत जाणं अगदी नियमात बसतं. २९ शेंगेन देशांत एकच व्हिसा चालतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, क्वचित ४५ पर्यंत. पण खरी मारामारी निर्णयाची नसून अपॉइंटमेंटची असते. मेमध्ये जाणारा अख्खा महाराष्ट्र मार्च-एप्रिलमध्ये अपॉइंटमेंट शोधत असतो. तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीतच घ्या.

बारा वर्षांपुढच्या मुलाला फी मोठ्यांइतकीच, ९० युरो (६ ते ११ वर्षांच्यांना ४५). बोटांचे ठसेही १२ पासून द्यावे लागतात, म्हणजे त्या दिवशी त्याला शाळा बुडवून सोबत न्यायचं. आधीच्या व्हिसाला ठसे दिले असतील तर ते ५९ महिने चालतात. प्रवास विमा किमान ३०,००० युरो कव्हरचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी हवीत. लहानपणी काढलेला मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. तुमचा दहा वर्षांचा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्याच्यावरची तारीख आजच बघा.

जन्माचा दाखला, शाळेचं पत्र, आणि अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात. जन्मदाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, आईचं माहेरचं आडनाव तिसरीकडे, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. तो आधी निस्तरा.

युरोपात शिरताना शिक्क्याऐवजी आता डिजिटल नोंद होते. ही पद्धत ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. पहिल्या वेळी चेहऱ्याचा फोटो काढतात, त्यामुळे रांग लांबू शकते. उतरल्या उतरल्या दोन तासांत पुढची गाडी बुक करून ठेवू नका.

बाबांना सुट्टी नाही. आई आणि मुलगी अशा दोघीच गेलो तर?

चालतं. बाबांचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि त्यांच्या पासपोर्टची प्रत अर्जासोबत द्या, एक प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. एकल पालक असाल तर कोर्टाचा आदेश किंवा मृत्यूचा दाखला, जे असेल ते.

रेल्वेचा पास घ्यावा की सुटी तिकिटं?

पास म्हटलं की आपल्याला मुंबई लोकलचा आठवतो : घेतला, चढलो. युरेल, म्हणजे युरोपभरच्या रेल्वेचा पास, तसा नाही. फ्रान्सच्या टीजीव्हीला आणि इटलीच्या फास्ट गाड्यांना पास असला तरी सीटचं आरक्षण वेगळे पैसे भरून करावंच लागतं, आणि टीजीव्हीत पासवाल्यांसाठी सीटाही मोजक्याच ठेवतात. चार-पाच ठरलेल्या प्रवासांसाठी सुटी तिकिटं तीन-चार महिने आधी काढलीत तर बहुतेकदा स्वस्त पडतात. रोज उठून नवीन गाव करणाऱ्यांना पास परवडतो, आणि तसं करायचं नाही हे आपण वर ठरवलंच आहे. १२ ते २७ वयाला युरेलमध्ये सवलतीचा यूथ पास आहे, गणित मांडताना तो धरा.

स्वित्झर्लंड मात्र वेगळं प्रकरण. तिथले सुटे तिकीटदर बघून तोंडचं पाणी पळतं. स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. त्यात ट्रेन, बस, तळ्यातल्या बोटी आणि पाचशेहून जास्त म्युझियम येतात. पालकाकडे हा पास असेल तर सोळावा वाढदिवस होईपर्यंत मुलाला फॅमिली कार्डवर सगळं फुकट. म्हणजे पंधरा वर्षं अकरा महिन्यांचा मुलगा फुकट आणि सोळाच्या मुलीला पास विकत! सोळा पूर्ण व्हायला दोन महिने उरले असतील तर दिवाळीऐवजी मेमध्ये जाणं सरळ फायद्याचं.

पासवर रिगीचा डोंगर पूर्ण फुकट होतो. युंगफ्राउयोखला (३,४५४ मीटरवरचं बर्फाळ ठिकाण) पास फक्त ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत चालतो, पुढे सवलतीचं तिकीट. आणि ते सवलतीचंही दणकून असतं. बर्फ बघायचाच असेल तर जा, पण वरच्या हॉटेलातला चहा आणि सेल्फी एवढ्यावर दिवस उरकणार असेल तर मुलाला विचारा. ल्युसर्नजवळच्या पिलाटसवर फ्रेकमुन्टेगला उन्हाळ्यात टोबॉगनची (छोट्या घसरगाडीची) घसरण आणि झाडांतलं रोप पार्क असतं. पंधरा वर्षांचं मूल तिथून हलत नाही.

इटलीत छोट्या लोकल गाड्यांची कागदी तिकिटं प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये छापून घ्यावी लागतात. न छापता चढलात तर तिकीट असूनही दंड.

म्युझियममध्ये मुलं कंटाळतात. न्यावं की नाही?

न्यावं, पण दिवसाला एक आणि दोन तासांवर नाही. सक्ती करू नये यासाठी एक सोयीचं कारण आहे : पैसे बुडत नाहीत. पॅरिसची लूव्र आणि ओर्से ही म्युझियमं, व्हर्सायचा राजवाडा, फ्लॉरेन्सची उफीझी गॅलरी, रोमचं कोलोसियम, सगळीकडे अठराखाली प्रवेश फुकट, भारतीय पासपोर्ट असला तरी. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट मात्र जवळ हवा. उलट तुमचंच तिकीट महागलंय. लूव्रने जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांना ३२ युरो केलेत. व्हॅटिकन म्युझियममध्ये अठराखाली फुकट नाही, त्यांचा कारभार वेगळा.

फुकट असलं तरी वेळेचं बुकिंग करावं लागतं, हे विसरू नका. कोलोसियमची तिकिटं नावानिशी असतात आणि महिनाभर आधी खुली होतात. आयफेल टॉवरच्या लिफ्टची साठ दिवस आधी. या दोन तारखा कॅलेंडरवर लावून ठेवा, बाकीचं नंतर बघता येतं. सुट्टीचे वारही : लूव्र मंगळवारी बंद, ओर्से, व्हर्साय आणि उफीझी सोमवारी, व्हॅटिकन म्युझियम रविवारी (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). पॅरिसला रविवार-सोमवार-मंगळवार असे दिवस पडले तर सगळं गणित फिरतं.

मोना लिसासमोर मोबाइल वर केलेल्या दोनशे हातांच्या मागे उभं राहून मुलगा ‘एवढंच?’ म्हणाला तर त्याला दोष देऊ नका. त्याच लूव्रच्या तळघरात मध्ययुगीन किल्ल्याचा पाया उघडा ठेवलाय, तो दाखवा. पॅरिसमध्ये सांडपाण्याच्या भुयारांचं म्युझियम आहे, पों द लाल्मा पुलाजवळ. वास येतो. मुलांना भयंकर आवडतं. ल्युसर्नच्या वाहतूक संग्रहालयात खरी इंजिनं, विमानं, अंतराळाचा विभाग, अर्धा दिवस सहज जातो. विज्ञानाची आवड असेल तर जिनिव्हाला सर्न या अणुकणांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेचं सायन्स गेटवे हे प्रदर्शन फुकट आहे (सोमवारी बंद). ल्युसर्नहून जाऊन-येऊन सहा तास लागतात, पण पास असल्यामुळे भाडं वेगळं पडत नाही.

मुलाला प्लॅनिंगमध्ये किती घ्यायचं? तो तर ‘काहीही चालेल’ म्हणतो.

‘काहीही चालेल’ म्हणणारं मूलच तिथे गेल्यावर तोंड पाडून बसतं. ‘तुला काय बघायचंय?’ असा उघडा प्रश्न टाकू नका. दोन पर्याय समोर ठेवा आणि एक खोडायला सांगा. आणि प्रत्येक शहरातली एक दुपार पूर्णपणे त्याची : फुटबॉलचं स्टेडियम, कॉमिक्सचं दुकान, स्नीकर्स, काय असेल ते. त्या दुपारी तुम्ही मागे मागे चालायचं आणि ‘यासाठी एवढे पैसे खर्चून आलो का’ हे वाक्य गिळायचं.

मेट्रोचे रस्ते शोधायचं काम त्याच्याकडे द्या. चुकेल, एक स्टेशन पुढे जाईल, परत येईल. तुमच्यापेक्षा लवकर शिकेल. सकाळी सातला उठवून नऊच्या रांगेत उभं करणं रोज जमणार नाही. आपल्या आणि त्यांच्या वेळेत उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो आणि तो आपल्या फायद्याचा : पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांना आपोआप लवकर जाग येते. लवकर गाठायची ठिकाणं त्याच दिवसांत बसवा.

तिघांना एक खोली मिळते का?

मिळते, पण शोधावी लागते. आपल्याकडे ‘एक एक्स्ट्रा गादी टाका’ म्हटलं की झालं. तिकडे दोघांच्या खोलीत तिसरा चालत नाही, मग तो तुमचा सख्खा मुलगा का असेना. बुकिंग करताना तीन माणसं आणि मुलाचं खरं वय घाला. मुलगी मोठी असेल तर स्वयंपाकघर असलेलं छोटं अपार्टमेंट बरं. तिलाही जरा आडोसा मिळतो. शहराचा पर्यटन कर माणशी, दर रात्री, बहुतेकदा वेगळा घेतात. पॅरिसला अठराखाली माफ, रोमला फक्त दहाखाली.

खाण्याचं काय? सोबत काय न्यायचं?

ठेपले, भाजणी, मेतकूट, चटण्या, पोह्याचा चिवडा खुशाल न्या. पण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, खव्याच्या पोळ्या घरीच. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. केळी, नारळ, अननस, खजूर अशा मोजक्यांना सूट आहे. आंब्याला नाही. मेमध्ये पॅरिसच्या भाच्यासाठी हापूसची पेटी न्यायचा बेत असेल तर तो सोडा. कढीपत्त्याची जुडीही काढून ठेवा.

तिथे गेल्यावर सुपरमार्केट हाच आधार. ब्रेड, चीज, फळं, दही घेऊन बागेत जेवलात तर स्वित्झर्लंडसुद्धा परवडतं. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनमधली तेवढी उघडी, म्हणून शनिवारी संध्याकाळी भरून ठेवा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रोमच्या रस्त्यारस्त्यावर नळ अखंड वाहतात आणि पाणी पिण्याजोगं असतं. पॅरिसच्या हॉटेलात ‘काराफ दो’ म्हटलं की साधं पाणी फुकट येतं. शाकाहारी असाल तर इटलीत चिंता नाही, फक्त पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा घटक) असतं, कडक पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

पैसे कसे न्यायचे?

फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोख. स्वित्झर्लंडला फ्रँक लागतात, पण कार्ड सगळीकडे चालतं, रोख फ्रँक नसले तरी अडत नाही. दुकानातलं मशीन ‘रुपयांत की युरोत?’ विचारेल, कायम स्थानिक चलन निवडा. रुपयांचा त्यांचा दर तुमच्या खिशाला कात्री लावतो. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर पहिल्या रुपयापासून टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापतात. स्वतः आखून स्वतःच परकीय चलन घेतलंत तर माणशी वर्षाला १० लाखांपर्यंत नाही. कापलेला टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

मोबाइलचं सिम?

‘युरोप’ लिहिलेल्या ई-सिममध्ये स्वित्झर्लंड आहे का ते बघून घ्या. तो देश युरोपीय संघात नाही, त्यामुळे संघातलं मोफत रोमिंग तिथे आपोआप लागू होत नाही. मुलाला वेगळं सिम हवंच, वडिलांच्या हॉटस्पॉटवर भागवू नका.

त्याला एकट्याला फिरू द्यावं का?

ल्युसर्नमध्ये निःशंक. गाव लहान, तळं मध्यभागी, हरवायची सोय नाही. पॅरिस आणि रोममध्ये दिवसाउजेडी, ठरलेल्या भागात, तास-दोन तास. पॅरिसच्या मेट्रोत आणि रोमच्या टर्मिनी स्टेशनच्या आसपास खिसेकापू सराईत असतात. मोबाइल जीन्सच्या मागच्या खिशात नको, दाराशी उभं राहून स्क्रोल करणं नको. सही मागायला कागद घेऊन कोणी आलं तर थांबू नकोस, हे आधीच सांगा. पॅरिसमध्ये भाड्याच्या ई-स्कूटर २०२३ मध्येच बंद झाल्या. इतरत्र बहुतेक ॲप अठराखाली चालवू देत नाहीत. तुमच्या नावाने उघडून त्याच्या हातात देऊ नका, अपघात झाला तर विमा अंगाबाहेर टाकतो.

हॉटेलचं कार्ड आणि पासपोर्टची प्रत त्याच्या खिशात, मूळ पासपोर्ट तुमच्याकडे. मदतीचा नंबर सगळीकडे एकच, ११२.